पूर्ण वाक्य होईपर्यंत

"मॅडम, माणूस उत्तम आहे. पण अर्धवट बोलतो," नाडकर्णी साहेब म्हणाले. "दोनदा इंटरव्ह्यूत उडालाय. पूर्ण वाक्यात बोलायला शिकवा. ही शेवटची संधी."

साहेब डोंबिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीचे प्लँट मॅनेजर. मी कंपन्यांमधून इंग्रजी शिकवते. माणूस म्हणजे सिद्धार्थ गायकवाड, विठ्ठलवाडीहून येणारा ऑपरेटर. शिफ्ट इनचार्ज रजेवर गेला की शिफ्ट हाच चालवायचा. पद मात्र मिळत नव्हतं. इंटरव्ह्यूत "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की हा म्हणायचा, "आयटीआय पास. रिअ‍ॅक्टर सेक्शन." आणि गप्प.

"मॅडम, माझ्या हाताखाली शिकलेले दोघं इनचार्ज झाले," तो मला म्हणाला. "आता मीच त्यांना गुड मॉर्निंग सर म्हणतो. बस झालं यार." मला वाईट वाटलं, आणि रागही आला.

मग बसलो शिकायला. वाक्यात दोन गोष्टी लागतात, कोण आणि त्याने काय केलं. "द पंप स्टॉप्ड" हे झालं वाक्य. "नियर द ओल्ड टँक" ही नुसती फ्रेज, शब्दांचा एक गट. आणि "बिकॉज द पंप स्टॉप्ड" हा तुकडा, म्हणजे फ्रॅगमेंट. पंप बंद पडला म्हणून काय झालं, याची ऐकणारा वाट बघत राहतो.

"म्हणजे आमच्या साहेबांचे मेल," सिद्धार्थ म्हणाला आणि मोबाइल पुढे केला. "अ‍ॅज डिस्कस्ड." "नॉट अ‍ॅक्सेप्टेबल." "टुडे पॉझिटिव्हली." एक वाक्य धड नव्हतं.

"ते साहेब आहेत. त्यांना चालतं," मी हसू दाबत म्हटलं.

तो भराभर शिकला. साहेब इतके खूश झाले की त्यांनी फर्मानच काढलं. प्लँटमध्ये सगळ्यांनी पूर्ण वाक्यात बोलायचं. वॉकीटॉकीवरसुद्धा.

"वॉकीटॉकीवर कशाला?" मी विचारलं.

"डिसिप्लिन, मॅडम."

सत्तेपुढे शहाणपण चालत नाही.

इंटरव्ह्यूत सिद्धार्थ झकास बोलला. मग प्रॅक्टिकल. रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे ज्या बंद भांड्यात केमिकल शिजतं त्यात, प्रेशर वाढलंय असं समजायचं. सिद्धार्थ प्लँटमध्ये, आम्ही कंट्रोल रूममध्ये, मध्ये वॉकीटॉकी.

"गुड आफ्टरनून, सर. आय वुड लाइक टु इन्फॉर्म यू दॅट द प्रेशर इन रिअ‍ॅक्टर नंबर टू..."

सेफ्टी ऑफिसर पाटील घड्याळाकडे बघत होते. "साहेब, गेलो आपण."

"अहो, वाक्य तर पूर्ण होऊ दे त्याचं!"

"पूर्ण करायला तो तरी कुठे उरलाय?"

साहेबांनी समोरच्या कागदावर लिहिलं, "टू स्लो." म्हणजे तिसऱ्यांदा नापास.

माझं डोकंच फिरलं. "तुमचंच फर्मान पाळतोय तो! पुन्हा घ्या. नाहीतर उद्यापासून मी येत नाही."

"आणि वॉकीटॉकीवर असं कीर्तन चालणार असेल तर सेफ्टी रिपोर्टवर मी सही करणार नाय," पाटील म्हणाले.

साहेब कुरकुरत तयार झाले. मी वॉकीटॉकी घेतली. "सिद्धार्थ, पुन्हा एकदा. रोज बोलतोस तसं बोल."

"रिअ‍ॅक्टर टू. प्रेशर हाय. फीड बंद. कूलिंग फुल." आवाज एकदम वेगळा, करडा. "कंट्रोल रूम खाली करा. सगळे बाहेर."

पाटील उठले. मीही उठले. साहेब बसूनच होते, सगळं खोटं खोटंच तर होतं.

"साहेब बसलेत अजून," पाटलांनी वॉकीटॉकीवर चुगली केली.

"साहेब. उठा. आत्ता."

साहेब उठले. चष्मा टेबलावर विसरून थेट मेन गेटपर्यंत गेले. तिथे वॉचमनने "काय झालं साहेब?" विचारलं, तेव्हा कुठे त्यांना आठवलं की हे फक्त समजायचं होतं.

परत येऊन त्यांनी मुकाट्याने सिद्धार्थला पास केलं. फर्मान त्याच दिवशी मागे घेतलं.

वर्गात मी अजूनही पूर्ण वाक्यच शिकवते. फक्त आधी बजावते की ते खुर्चीत बसलेल्यासाठी असतं. त्याला खुर्चीतून उठवायचं असेल, तर दोन शब्द पुरतात.