ओठावरची लव

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या मुलीचा ओठ माझ्यामुळे भाजला. तिला बघायला पाहुणे येणार होते आणि तिच्या ओठावरच्या लवेची मलाच लाज वाटत होती. म्हणून केस काढायचं क्रीम मीच आणलं, आणि "अजून जरा वेळ राहू दे" असंही मीच म्हणालो.

सोलापुरात कातडीच्या डॉक्टरांकडे बाकावर आमच्या शेजारी होटगीहून आलेली एक म्हातारी होती. हनुवटीवरच्या पांढऱ्या राठ केसांना ती मिशीसारखा पीळ देत बसली होती.

"काय झालं गं बाय?"

मुलीनं ओढणी ओठावर धरली. मीच म्हणालो, "पापड भाजताना चटका बसला. उद्या पाहुणे यायचेत हिला बघायला."

"पापड काय ओठावर भाजत हुती व्हय?" मग माझ्याकडं निरखून बघत ती म्हणाली, "सायेब, तुमच्या कानात तर लई रान माजलंय की! ते बघायला कुनी पावनं येत न्हाईत वाटतं?"

अख्खा बाक हसला. मुलगीही हसली आणि तिचा ओठ चिरला. मी कानावर हात धरून बसलो. एवढाच काय तो माझा पुरुषार्थ.

डॉक्टरांनाही मी पापडच सांगितला. घरी सगळे अजून तिलाच वेंधळी म्हणतात. त्या सगळ्यांसमोर खरं सांगून मला तिची माफी मागायची आहे. अजून मागितलेली नाही.