सकाळी चारची, दुपारी बाराची

ऐका बायांनो, माझी सात वर्षांची स्वरा आज एका दिवसात कितीदा वाढली ते.

सकाळी मेहकरहून लोणारच्या एसटीत बसलो. कंडक्टरनं तिचं वय विचारलं. माझ्या आधी माझा भाऊच बोलला, "चारची हाय. अंगानं थोराड हाय जराशी." झालं, बसली फुकट!

लोणारजवळ एका वावरात जाड टायरची चारचाकी एटीव्ही फिरवायला देतात. स्वरानं हट्ट धरला. गाडीवाला म्हणाला, "बाराच्या खालच्या लेकराले देत नाही. उलटली तं अंगावर येते."

भाऊ लगेच, "बाराचीच हाय. अंगानं बारीक हाय जराशी." आणि दिलं की बसवून!

तिचे पाय टेकेनात. हेल्मेट नाकावर आलेलं. ते वर सारून तिनं विचारलं, "मामा, घरी जातानी कितीची सांगू?"

गाडीवाला हसून हसून वाकला. मी तिला आधी खाली उतरवलं, मग भावाकडे पाहिलं. कंडक्टर फसतो हो, उतारावर ते धूड फसत नाही.

येताना कंडक्टर दिसताच स्वरा उभी राहिली, "मी सातची आहो. मामाले इचारू नका."

तुमच्याकडे लेकरांचं वय कोण ठरवतं?