खुर्च्या फिरवणारा व्हर्लिन

आमच्या तळावर एक करमणूक फुकट आहे. दुपारी नवा ट्रेलर, म्हणजे गाडीमागं जोडलेलं चाकांवरचं घर, आत शिरला की सगळ्यांच्या खुर्च्या रस्त्याकडं वळतात. तीस फुटी घर मागं घेताना कुणाची कशी फजिती होते, ते बघायला म्हातारे बिअरचे डबे घेऊन बसतात. टेक्सासच्या किनाऱ्यावर हिवाळा काढायला आलेल्या आम्हा लोकांना दुसरा उद्योग तरी काय?

बघत नाही तो एकटा व्हर्लिन. नेब्रास्कात एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस. जनरेटर लावण्याआधी बोट ओलं करून वारा बघतो. धूर कुणाच्या खिडकीत जायला नको. माझ्या जागेतून गेलं तर तळाचं सामायिक न्हाणीघर तीस पावलांवर, पण सतरा हिवाळे हा रस्त्यानं अख्खा वळसा घालून जातोय.

"अरे, पाऊस पडतोय. जा की इथनं," मी म्हणायचो.

"दुसऱ्याच्या बैठकीतनं टॉवेल घेऊन जाऊ काय?"

यंदा जानेवारीत आर्डिस एकटीच आली. अकरा हिवाळे तिचा नवरा मर्ल गाडी मागं घ्यायचा आणि ही मागं उभी राहून हातानं दिशा दाखवायची. मर्ल गेल्या वसंतात वारला. पहिल्या दिवशी तिनं फाटकाजवळच्या सरळ जागेत ट्रेलर उभा केला आणि आम्हाला सांगून टाकलं, "उद्या आमच्या बावीस नंबरात लावता आला तर राहीन. नाहीतर विकून टाकते. पोरीनं गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

बावीस नंबर म्हणजे एका बाजूला ओकचं झाड, दुसऱ्या बाजूला व्हर्लिन.

दुसऱ्या दिवशी सात खुर्च्या मांडल्या गेल्या. त्यात माझीही होती, खोटं कशाला बोलू. पहिल्या झटक्यात ट्रेलरचं बूड झाडाकडं गेलं. खुर्चीतनंच ग्लेडन ओरडला, "डावीकडं, बाई, डावीकडं!" त्याची बायको ओरडली, "उजवीकडं!" तिसऱ्यानं शिटी मारली. तिसऱ्या खेपेला आर्डिस गाडीतून उतरली, तोंड लालबुंद. "बास. करते फोन त्या गिऱ्हाइकाला."

व्हर्लिन उठला. आधी स्वतःचं ताडपत्रीचं छत गुंडाळलं, टेबल ओढलं, पिकअप पार रस्त्यापलीकडं नेऊन लावली. मग आमच्याकडं आला.

"ऊठ, ग्लेडन."

"का रे?"

"समुद्र तिकडं आहे. त्याच्यासाठीच आलास ना एवढ्या लांबनं?"

एकेक करत साती खुर्च्यांची पाठ त्यानं रस्त्याकडं केली. मग बावीस नंबरच्या कडेला उभा राहून टोपी काढली. "बाई, तुमच्या जागेत येऊ का?"

"ये बाबा. जागा माझी झालीय कुठं अजून!"

"तुमचीच आहे. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. हात जिकडं न्याल तिकडं ट्रेलरचं बूड जाईल. मी आरशात दिसेनासा झालो की थांबा. मी ओरडणार नाही."

आम्ही समुद्राकडं तोंड करून बसलो. जन्मात एवढं अवघड काम केलं नव्हतं. मागं खडी करकरायची, थांबायची, पुन्हा करकरायची.

"धडकली का?" ग्लेडन कुजबुजला.

"गप बस," बायकोनं कोपर मारलं.

इंजिन बंद झालं. दार वाजलं. आणि आर्डिसची अशी आरोळी उठली की पाण्यावरचे पेलिकन उडाले. आम्ही गर्रकन वळलो. ट्रेलर ओळंबा लावल्यासारखा सरळ, झाडापासून हातभर लांब!

"गिऱ्हाईक गेलं उडत!" ती नाचत होती. "आता बघा रे, किती बघायचं ते! मी लावला! मी!"

व्हर्लिन टोपी घालून रस्त्यावर पोचलाही होता, वळसा घालून शेजारी स्वतःच्या दारी जायला.

"अरे ए, तिकडनं कुठं?" आर्डिस ओरडली. "इथनं जा, माझ्या जागेतनं!"

तो थबकला.

"बोलावलंत म्हणून हां," म्हणाला आणि सतरा हिवाळ्यांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या जागेतून आडवा गेला, वरातीतल्या नवरदेवासारखा, सावकाश.