पोकळ ठरलेलं झाड

त्याला सगळे डॉक्टर म्हणत. शिक्षण बेताचंच, पण बुंध्यावर लाकडी मोगरी मारून, कान लावून तो झाडाच्या पोटातली गोष्ट सांगायचा. भरीव खोड खणकन बोलतं. पोकळ खोड रिकाम्या पिंपासारखं ढबढब वाजतं. मधले आवाज जाणकारालाच कळतात.

लोकांच्या बागांतली मोठी झाडं छाटायची, वाचतील ती वाचवायची, उरलेली उतरवायची, हा घरचा धंदा. वडिलांनी एक नियम घालून दिला होता. वाजवणाऱ्यानं चढायचं नाही, चढणाऱ्यानं वाजवायचं नाही. चढणाऱ्याला घाई असते. त्याला हवं तेच ऐकू येतं. म्हणून मोगरी थोरल्याकडे आली आणि दोर धाकट्या भावाकडे. धाकटा कधी मोगरीला शिवला नव्हता. दादा "भरीव" म्हणाला की तो चढायचा.

आणि दादाला आता ऐकू येत नव्हतं.

एकदम गेलं नाही. करवतीच्या मशीनशेजारी उभं राहून राहून कान झिजले. धाकटा कानांवर जाड झापडं लावायचा. हा लावायचा नाही. "तुटण्याआधी फांदी कुरकुरते," तो म्हणायचा. "मी कान झाकले तर ती कुणाला सांगेल? तुझ्या वहिनीला?" फांदीचं ऐकायचं म्हणून त्यानं कान उघडे ठेवले, आणि त्यापायीच ते गेले.

घरी बायको म्हणायची, "अहो, कानात बोळे घातलेत का? तिसऱ्यांदा विचारतेय, वाढू का?" तो हसून ताट पुढे करायचा. नवरे असेच असतात, असं तिला वाटायचं. ते त्याच्या पथ्यावर पडलं होतं.

गेल्या वर्षी एका बंगल्यात त्यानं मोगरी मारली. हाताला धक्का बसला, कानाला काहीच लागलं नाही. "भरीव," तो अंदाजानं म्हणाला. धाकटा चढला. वर ज्या बेचकीत दोर अडकवला होता, ती बेचकी फाटली. आत नुसता भुसा. धाकटा खालच्या फांदीवर आपटला, दोर तिथंच अडकला आणि तो कमरेच्या पट्ट्यावर लोंबकळत राहिला. दोराचं दुसरं टोक दादाच्या हातात होतं. वर धाकट्याचं उघडं तोंड त्याला दिसत होतं. तो दोर आवळून धरून उभा राहिला. शेवटी मालकांचा ड्रायव्हर धावत आला आणि त्यानं दोर हळूहळू ढिला केला.

खाली आल्यावर धाकटा हसला. त्याचा हात खांद्यापासून कोपरापर्यंत सोलून निघाला होता. "वरच्यानं परत पाठवलं. म्हणे, जागा नाही." मग म्हणाला, "दादा, सोड सोड म्हणून किती ओरडलो. वारा होता ना?"

"वारा होता," दादा म्हणाला.

पान हलत नव्हतं.

त्या दिवसापासून त्याला प्रत्येक झाड पोकळ लागायला लागलं. पोकळ झाडावर कुणी चढत नाही. क्रेन आणायची, तिच्या पाळण्यात उभं राहायचं आणि शेंड्यापासून तुकडे करत झाड उतरवायचं. पाळण्यात धाकटा सुरक्षित होता. "मुळाशी कुजलंय," एवढंच म्हणावं लागायचं. डॉक्टरनं सांगितल्यावर कोण वाद घालणार? बुंध्याचा शेवटचा काप तो स्वतः मारायचा. तेवढ्यात धाकट्याला क्रेन सोडायला पाठवायचा, ओंडका फोडून टाकायचा आणि खुंटावर माती ओढायचा. खुंट भरीव असायचे. बहुतेक सगळेच.

कान गेले म्हणून सांगावं, तर मोगरी कुणाच्या हातात द्यायची? धाकट्याला शिकवायचं, तर आधी आपल्याला ऐकू यायला हवं.

मग नर्सबाईंचा फोन आला. बायकोनं घेतला. हल्ली तीच घ्यायची.

बाई निवृत्त होऊन एकट्या राहत. दारातलं झाड घरापेक्षा मोठं. पूर्वी त्यांच्या यजमानांनी ते पाडायला काढलं होतं, तेव्हा यानंच मोगरी मारून सांगितलं होतं, "हात लावू नका. हे आपल्या सगळ्यांना पोचवून मग जाईल." यजमानांना झाडानं पोचवलं होतं. आता बुंध्याला चीर दिसत होती.

"डॉक्टर, पेशंट तुमचाच आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वॉर्डातला, खणखणीत. त्यांचं बोलणं त्याला ऐकू यायचं. "शेजारी डोकं खातात. मी म्हटलं, डॉक्टर भरीव म्हणाले तर तुमचं छप्पर पाडा, झाड पडणार नाही."

त्यानं मोगरी मारली. फिरून चारी बाजूंनी मारली. सालीला गाल लावला. डोळे मिटले. आत झाड होतं, आणि काही बोलत नव्हतं.

धाकटा पट्टा आवळत समोर आला. "हे तर आपलं लाडकं. भरीवच असणार. चढू ना दादा?"

त्याच्या कोपरावरची नवी कातडी अजून चकाकत होती.

"पोकळ आहे," दादा म्हणाला. "क्रेन सांग."

मनगटाला लावावीत तशी दोन बोटं बाईंनी सालीला लावली आणि आत गेल्या.

काम दोन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी क्रेनवाल्याला पुढचं काम होतं. शेवटच्या कापाआधीच तो निघून गेला. त्यामुळे बुंधा आडवा झाला तेव्हा धाकटा तिथंच उभा होता. खुंट काठापासून काठापर्यंत भरीव, ओला, पांढरा. चीर बोटभरसुद्धा आत गेली नव्हती.

बाई आल्या. वाकल्या. खुंटावरून हात फिरवला आणि काहीतरी विचारलं. पहिल्यांदाच हळू बोलल्या. त्याला फक्त ओठ दिसले. उत्तर धाकट्यानं दिलं. काय दिलं, ते त्याला पुढे कधीच कळलं नाही. बाईंनी मान डोलावली आणि आत गेल्या. पुढच्या खोलीत ऊन थेट पलंगापर्यंत पोचलं होतं. बाई पडदा ओढायला लागल्या. तो खिडकीला पुरत नव्हता.

दादा दोर गुंडाळत बसला. पुष्कळ वेळानं मागे वळला. धाकटा पाठीशी उभा होता. हातात मोगरी, पायाशी पाण्याचं रिकामं पिंप. तो पिंपावर किती वेळ मारत होता, किती हाका मारून झाल्या होत्या, कळायला मार्ग नव्हता.

धाकटा वळसा घालून समोर आला. उकिडवा बसला. लहान मुलाशी बोलावं तसं, तोंड मोठं करून म्हणाला,

"आधीची झाडंपण?"

दादानं होकारार्थी मान हलवली.

धाकट्यानं मोगरी उचलून गाडीत ठेवली. घरी जाताना त्यानं नेहमीचा रस्ता सोडला. त्या रस्त्यावरची बरीच झाडं त्यांनीच उतरवली होती. त्यानं लांबचा रस्ता धरला. तिकडेही ऊनच होतं.