दत्ताचं एक्स्टेन्शन

दत्ता गेल्याची बातमी मला दत्ताच्याच नावाने आली, आणि मी ती उचलली नाही. नगरच्या ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. कॉम्प्युटरवर फोन वाजला, पडद्यावर त्याचं नाव दिसलं. वाटलं, कुणाची तरी तक्रार कळवत असेल, जेवून बघू. पुन्हा वाजला तेव्हा उचलला. त्याची बायको, सुनंदावहिनी बोलत होत्या. "भाऊजी, ह्यांच्या मोबाईलवरनं तुमालाच तेवढं लावता येतं मला… ह्ये गेले ओ."

आम्ही दोघे मिळून फोनच्या यंत्रणा बसवायचो. ऑफिसातली जुनी फोनची पेटी इंटरनेटला जोडायची आणि प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये एक अ‍ॅप टाकायचं. मग ऑफिसचा फोन माणूस शेतात असो नाहीतर बाजारात, त्याच्या खिशात वाजतो. पेट्या आणि तारा दत्ताकडे, कॉम्प्युटरवरचं सेटिंग माझ्याकडे. गिऱ्हाईक पटवायचं कामही त्याचंच, कारण मी समजावायला लागलो की लोक जांभया द्यायचे. देवळाली प्रवरेला उसाच्या रोपांची नर्सरी असलेल्या एका काकांना हे काही केल्या पटेना. "आरं, फोन हापिसात वाजनार आन मी बांधावर बोलनार? भुताटकी हाय का काय?" दत्ता गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "व्हय काका, पन ह्ये भूत म्हैन्याच्या म्हैन्याला रिचार्ज मागतंय." काकांना ठसका लागेपर्यंत हसू आलं, आणि काम आम्हाला मिळालं.

आमच्या ऑफिसचा फोनही आम्ही असाच लावला होता. तो आधी माझ्याकडे वाजायचा. मी उचलला नाही, तर आपोआप रांगेतल्या पुढच्या एक्स्टेन्शनवर, म्हणजे आतल्या जोड-नंबरवर जायचा, आणि तो होता दत्ताचा मोबाईल. "शिऱ्या, तू उचलनार न्हाईस ह्ये धरूनच मी चालतो," असं म्हणायचा, आणि उचलायचा.

मग त्याला फुफ्फुसांचा आजार निघाला. तो पारनेरजवळच्या आपल्या गावी जाऊन राहिला. बोलणंसुद्धा कमी करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "तू आराम कर, फोनचं मी बघतो," असं मी मोठ्या तोंडाने सांगून आलो. त्याचं एक्स्टेन्शन त्या रांगेतून काढायचं, एवढंच करायचं होतं. चहा निवायच्या आत होणारं काम. ते मी केलं नाही. काढलं तर त्याला वाटेल आपली गरज संपली, अशी मी स्वतःची समजूत घातली. ते अगदीच खोटं नव्हतं. पण खरी गोष्ट अशी, की जेवताना किंवा दुपारी डोळा लागताना फोन वाजला की मी तो वाजू द्यायचो. थोड्या वेळाने तो थांबायचा. कुणी थांबवला, हे मला पक्कं माहीत असायचं… आणि मी कूस बदलायचो.

दहाव्याला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भिंतीला हात टेकून, उभं राहून बोलायचे. बसलं की दम लागतोय ह्ये गिऱ्हाइकाला कळतंय, म्हनायचे. मी म्हनलं, भाऊजी हायेत की तिथं. तर म्हनाले, त्यो एकटा कुठं कुठं पळंल." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. नंतर मी डॉक्टरांनाही गाठलं. फोनवर बोलल्याने माणूस जात नाही, आजारच तसा होता, असं ते म्हणाले. त्यांचं बरोबरच असेल. पण माझी लाज त्याने जात नाही.

परवा वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ह्यांचा मोबाईल आजून वाजतोय. तेवढं बंद करा आता. वाजला की आत्याबाई आतून हाक मारत्यात, दत्ता, फोन घे रं…" आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, दत्ताची आई.

मी उठलो आणि त्याचं एक्स्टेन्शन काढून टाकलं. तो असताना जे करायचं होतं, ते तो गेल्यावर केलं. मग हात धुऊन जेवायला बसलो. पहिला घास घेतो तोच अकोले तालुक्यातल्या एका भातगिरणीवाल्यांचा फोन वाजू लागला. वाजत राहिला… वाजतच राहिला. आता उचलेल दत्ता, असं मनाशी म्हणत मी पुढचा घास घेतला.