अँटेनाकाकांनी न पाहिलेला कार्यक्रम

गल्लीतला पहिला टीव्ही आला तो काकांच्या घरी. विकत घेतलेला नव्हे हो! दुरुस्तीला आलेला सेट मालक न्यायला फिरकलाच नाही, तेव्हा पदरी पडलं पवित्र झालं म्हणून काकांनी तो ठेवून घेतला. तोवर ते नुसते रेडिओवाले काका होते. गच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा तो सांगाडा चढला आणि ते अँटेनाकाका झाले.

त्या काळी टीव्ही बघणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. एकाने गच्चीवर अँटेना फिरवायचा, एकाने खिडकीतून ओरडायचं आणि उरलेल्या गल्लीने सतरंजीवर बसून अक्कल शिकवायची. खिडकी काकूंची होती. "आलं! आलं! गेलं! अहो, मघाशी होतं तिथेच आणा!" मघाशी म्हणजे नक्की कुठे, हे काकूंनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

फायनलची मॅच झाली, निवडणुकांचे निकाल लागले, अंतराळात गेलेली माणसं सुखरूप परत आली. गल्लीने सगळं डोळे भरून पाहिलं. काकांनी पाहिली पाण्याची टाकी. त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. खालून सगळ्यांनी मिळून "आलं!" म्हटलं की त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

फक्त एकदा मात्र त्यांना मनापासून खाली बसायचं होतं. त्यांच्या मुलीला मुलांच्या कार्यक्रमात कविता म्हणायला बोलावलं होतं. कार्यक्रम थेट स्टुडिओतून होणार होता आणि शाळेच्या बाई तिला घेऊन गेल्या होत्या. काकांनी सकाळीच अँटेना आवळून ठेवला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन बसले. कार्यक्रम सुरू झाला आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या!

काका शर्टासकट वर धावले. वाऱ्याने कुठलासा जोड सैल झाला होता. दांडा धरला की खालून "आलं!", सोडला की "गेलं!" पाना आणायला खाली उतरावं, तर तेवढ्यात कविता संपायची.

"हात सोडू नका!" काकू खिडकीतून ओरडल्या. "आली, आपली आली! किती गोड दिसतेय हो!"

काकांनी हात सोडला नाही. वर कवितेचा एक शब्द ऐकू येत नव्हता. सतरंजीवर टाळ्या पडल्या, तेव्हा ते खाली आले.

"छान म्हटली पोरीने," समोरचे शिंपीकाका म्हणाले. "मध्ये जरा विसरली, आढ्याकडे बघत राहिली, एवढंच."

हे काकांच्या जिवाला लागलं. पोरगी घाबरली असेल आणि नेमके आपण समोर नव्हतो. मुलीला त्यांनी कधी विचारलं नाही. उगाच जखमेवर मीठ कशाला? पण ती कविता एकदा तरी आपल्या डोळ्यांनी बघायचीच, असं त्यांनी मनाशी धरलं. टीव्ही केंद्रावर जाऊन चौकशी केली, तर तिथला माणूस म्हणाला, "टेप महाग असते हो काका. त्याच टेपवर आम्ही दुसरं काहीतरी घेतो."

मग टीव्ही रंगीत झाला, व्हिडिओ आला, केबल आली, डिश आली. काका प्रत्येक यंत्र उघडून शिकले. दुकानात कुणाची जुनी कॅसेट आली की आधी गुपचूप लावून बघायचे, न जाणो, त्यात मुलीची कविता सापडली तर! लोकांची लग्नं आणि वाढदिवस बघून डोळे शिणले. गच्चीवरचा अँटेना कावळ्यांकडे आणि काकूंच्या ओल्या टॉवेलांकडे गेला.

आणि परवा मुलगी घरी आली. आता तिचेही केस पिकायला लागलेत. "बाबा, केंद्रातल्या एका कॅमेरामनने जपून ठेवलेल्या जुन्या टेपा नेटवर टाकल्यात. त्यात मी आहे!"

तिने मोबाईल पुढे धरला. पडद्यावर गोल चक्र फिरतच राहिलं.

"घरात कुठली आलीय रेंज?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "गच्चीवर जा."

गुडघ्यांनी कुरकुर केली, पण काका मुलीच्या मागोमाग चढले. टाकीपाशी, त्याच गंजलेल्या दांड्याला धरून उभे राहिले. चक्र थांबलं आणि दोन वेण्यांची त्यांची लेक धडाधड कविता म्हणायला लागली. मध्येच थांबली. मान वर करून छान हसली, आणि पुढची ओळ एका दमात म्हणून मोकळी झाली.

"अगं, तू तर विसरली नव्हतीस!" काका म्हणाले. "मग वर कुणाकडे बघत होतीस?"

"तुमच्याकडे. बाकीचे सगळे समोर बसलेले असणार, तुम्ही तेवढे वर असणार, हे मला ठाऊक होतं ना! म्हणून एकदा वर बघितलं."

तेवढ्यात खालून हाक आली, "अहो, आलं का?"

"आलं!" काका ओरडले. जन्मभर खालून ऐकलेला तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच वरून खाली पाठवला. "आलं गं, स्वच्छ आलं!"

मग डोळे पुसायला म्हणून त्यांनी दांड्यावरचा हात काढला. चित्र गेलं नाही.