कॅसेटवरचे भाऊजी

माझे धाकटे दीर चष्म्याच्या काचा घासायचे. दुकानाच्या मागच्या खोलीत, यंत्रापुढे बसून. गिऱ्हाइकांशी बोलायला मालक होते, आणि ते भाऊजींच्या पथ्यावरच पडलं होतं, कारण बोलताना त्यांची जीभ अडायची. एखाद्या अक्षरापाशी अडकले की मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. मला ते बघवायचं नाही. मी मुळात उतावळी. त्यांचा शब्द मीच पुरा करायचे आणि पुढच्या कामाला लागायचे.

असा माणूस बोलण्याच्या क्लबात नाव घालतो म्हटल्यावर मी हसणारच. टपालानं कॅसेटी पाठवून गप्पा मारणाऱ्यांचा तो क्लब. आपण बोलून कॅसेट पाठवायची, समोरच्यानं ऐकून त्याच कॅसेटवर उत्तर भरून परत धाडायची. भाऊजींच्या वाट्याला एक निवृत्त पोस्टमास्तर आले.

भाऊजींनी युक्ती काढली होती. शब्द अडणार असं वाटलं की टेपरेकॉर्डरचं थांबायचं बटण दाबायचं, तो शब्द तोंडात घोळवायचा आणि जिभेवर आला की बटण सोडायचं. अर्ध्या तासाच्या गप्पांना अख्खा रविवार जायचा. पण कॅसेट लावून ऐकली की घरात कुणी वक्ता उतरलाय असं वाटायचं.

माणूस खुलला. जेवताना आम्हाला पोस्टमास्तरांच्या मांजराच्या उचापती सांगू लागला, अडखळत का होईना.

मग एका कॅसेटच्या शेवटी पोस्टमास्तर म्हणाले, "येत्या रविवारी तुमच्याकडेच येतो. समोरासमोर बसून बोलू."

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. "व-वहिनी, त्यांना सांगा, घ-घसा बसलाय."

"बसलेला घसा किती दिवस पुरवाल?"

"त्यांना वाटेल, मी फ-फसवलं. मग क-कॅसेट नाही यायची."

मला फार वाईट वाटलं. एवढा एकच मित्र होता हो त्यांना.

रविवारी पोस्टमास्तर आले. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "प... प..." मान ताठ, डोळे मिटलेले. मी सवयीनं 'पोस्टमास्तर, आत या' म्हणायला तोंड उघडलं. म्हाताऱ्यानं माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"सावकाश," ते भाऊजींना म्हणाले. "मला घाई नाही."

भाऊजींनी डोळे उघडले. "तु-तुम्हाला म-माहीत होतं?"

"पहिल्या कॅसेटपासून. बटण दाबलं की टेपवर टक् असा आवाज येतो. तुमच्या कॅसेटी त्यानंच भरलेल्या. म्हटलं, हा माणूस माझ्याशी बोलायला केवढे कष्ट घेतोय."

दिवसभर यंत्राच्या घरघरीत बसणाऱ्या भाऊजींच्या कानांना तो आवाज कधी जाणवलाच नव्हता.

पोस्टमास्तरांनी छत्री कोपऱ्यात ठेवली. "ते मधलं गाळलेलं ऐकायला आलोय."

भाऊजींचे डोळे भरले, माझेही. त्यांनी पुन्हा 'प'पासून सुरुवात केली. बराच वेळ लागला. मी मध्ये बोलले नाही.